रफाराची जागा

हर्णैहून आंजर्ल्याकडे वळताना फाट्यावर चहाची एक टपरी आहे. मे महिन्यातली दुपार, घामाने पाठीला चिकटलेली ओढणी आणि आलं जास्त झालेला चहा. तेवढ्यात पुण्याच्या नंबराची एक गाडी समोर येऊन थांबली. काच खाली झाली, आतली गार हवा क्षणभर बाहेर आली आणि चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “ताई, हे आंजले कुठून जायचं?” ते थांबले होते एका होमस्टेच्या मोठ्या फ्लेक्सच्या बरोब्बर खाली. फ्लेक्सवर जांभळ्या रंगात, पिवळ्या कडेचं, हातभर उंच ‘आंजर्ले’ होतं आणि शेजारी बाण. मी काही बोलायच्या आत टपरीवाल्याने गाळणी धरलेल्या हातानेच दिशा दाखवली. गाडी गेली. “रोजची कटकट,” तो म्हणाला. “बोर्डाखाली उभं राहून इचारतात. शिकलेल्या लोकांना वाचता येत नाय.”

मला ते पटेना. चहा संपला तरी मी त्या फ्लेक्सकडे बघत राहिले. गृहस्थांनी चुकीचं काहीच वाचलं नव्हतं. अक्षर इतकं जाड होतं की ‘ले’वरची मात्रा आणि रफार मिळून एकच गोळा झाला होता, आणि त्या गोळ्याभोवती पिवळी कड फिरवल्यामुळे उरलीसुरली फटही बुजली होती. शिरोरेषेवर काहीतरी आहे एवढंच कळत होतं. अशा वेळी डोळा नेहमीच्या ओळखीचं असेल ते धरतो. मात्रा पावलोपावली भेटते, रफार त्या मानाने क्वचित. म्हणून आंजले. त्यांनी पाटी जशी होती तशी वाचली होती. उलट आम्ही इथले लोक ती पाटी रोज ‘बरोबर’ वाचतो, कारण आम्हाला ती वाचावीच लागत नाही. गावाचं नाव आधीच ठाऊक असतं, डोळा फक्त जांभळा रंग बघून पुढे सरकतो. म्हणजे ज्याच्यासाठी पाटी लावली त्याला ती वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते त्याला तिची गरज नाही. हे काही त्या एका होमस्टेवाल्याचं पाप नव्हे. दापोलीपासून हर्णैपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी असलेच गोळे टांगलेले आहेत.

अक्षरं काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मुंबईत शिकले, तिथेच नोकरी केली, आता वर्षाचा बराच भाग मामाच्या घरी आंजर्ल्यात काढते, कारण संगणक कुठेही चालतो आणि इथे दुपारी झोपता येतं. फॉन्ट काढणाऱ्याला रफार ही किरकोळ गोष्ट वाटायला हवी. तीस-चाळीस व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, जोडाक्षरांची रांग, आकडे, विरामचिन्हं आणि मग शेवटी कुठेतरी रफार. मी त्या दिवशी घरी येऊन कागदावर नुसती गावांची नावं लिहायला घेतली. कर्दे. आंजर्ले. तारकर्ली. वेंगुर्ले. कोर्लई. आणि सगळ्यांत शेवटी हर्णै, ज्यात एका ‘ण’च्या डोक्यावर दोन मात्रा आणि रफार अशी तिघांची दाटी आहे. इतकं गजबजलेलं छप्पर देवनागरीत सहज सापडत नाही, आणि ते नेमकं आमच्या बंदराच्या वाट्याला आलं.

या किनाऱ्यावर फॉन्ट काढायचा तर रफारापासूनच सुरुवात करायला हवी होती.

देवनागरीत जाड अक्षर का बुजतं, हे एकदा हाताने काढून बघितलं की कळतं. इंग्रजी कॅपिटल अक्षर दिलेली सगळी उंची स्वतःच्या अंगाला वापरतं. आपल्या अक्षराला वरती मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऱ्हस्वदीर्घ दोन्ही, यांच्यासाठी जागा सोडावी लागते. पाटीची उंची एक फूट असेल तर शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या अंगाला निम्म्याहून थोडं जास्त मिळालं तरी नशीब. पाटीवाल्यांचा एक ठोकताळा असतो, दहा फूट अंतरामागे एक इंच अक्षर. तो इंग्रजी कॅपिटलवरून निघालेला आहे, आणि आपण तोच डोळे मिटून वापरतो. २०२२मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम कडक झाला, २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग बाजारपेठांतून रातोरात मराठी उगवली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावं, असं कायदा म्हणतो. चांगलं म्हणतो. पण उंची मोजायची कुठून कुठपर्यंत? मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजली तर कागदावर दोन्ही लिप्या समान भरतात आणि रस्त्यावरून मराठी अर्धीच दिसते. मग दुकानदार म्हणतो, जाड करा. जाड केलं की आतल्या पोकळ्या भरतात. मग म्हणतो, कड मारा. पुढचं फाट्यावर बघितलंच.

माझ्याकडे यावर उत्तर होतं असं नाही. जे हाती लागलं ते वादळाने काढून दिलं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी मुंबईत अडकलेली होते. मामाच्या घराची कौलं उडाली, बागेतली जुनी कलमं मुळासकट आडवी झाली, पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. मी पोचले तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान मामाने अंगणात वाळत घातलं होतं. ओले पंचांगांचे गठ्ठे, तांब्याची घंगाळं, बोटीच्या काळातली एक ट्रंक, आणि या सगळ्यात गंजलेला एक पत्रा. मी तो उचलून उन्हाकडे धरला तेव्हा माझ्या हातावर उजेडाची अक्षरं पडली. वर आजोबांची आद्याक्षरं, खाली ‘आंजर्ले’, त्याखाली ‘जि. रत्नागिरी’. आंब्याच्या पेटीवर मारायचा छाप. कडांना वर्षानुवर्षांच्या काळ्या रंगाचे थर बसले होते आणि नखाने खरवडल्यावर अजून रॉकेलचा वास येत होता. मामा म्हणाला, तो लहानपणी पेटीवर हा पत्रा दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरायचा आणि आजोबा चिंधीच्या बोळ्याने रंग मारायचे. हात हलला आणि छाप फिसकटला की आजोबा टपली पेटीला मारत, मामाला नाही. “मला मारली असती तर बरं वाटलं असतं,” मामा म्हणाला. मग बराच वेळ तो पत्र्याकडे न बघता आडव्या पडलेल्या कलमांकडे बघत होता. त्या वर्षी छाप मारण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

पत्रा मी मागून घेतला. तेव्हा फक्त आवडला म्हणून घेतला होता. फाट्यावरची गाडी नंतर कधीतरी आली, आणि त्या संध्याकाळी मी तो पुन्हा बाहेर काढला, कारण मला आठवलं की त्याच्यावरही ‘आंजर्ले’च आहे. अंगणाच्या एका टोकाला, विहिरीच्या कठड्याला तो टेकवून ठेवला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. दिवेलागणीची वेळ होती, पत्रा गंजून तपकिरी झालेला, आणि तरी रफार मला स्वच्छ दिसत होता. मात्रेपासून सुटा, स्वतःच्या पायावर उभा.

पत्रा कापणाऱ्याची अडचण अशी असते की आकार चहूबाजूंनी बंद झाला तर आतला तुकडा गळून पडतो. ‘व’चं पोट कापलं की पोट निखळतं. म्हणून तो मध्ये कुठेतरी पत्र्याची चिंचोळी पट्टी सोडतो. इंग्रजीत हे सोपं आहे, ‘ओ’ला दोन फटी दिल्या की झालं. आपल्याकडे शिरोरेषा आहे, आणि शिरोरेषा बहुतेक अक्षरांचं झाकण होते. ‘प’, ‘म’, ‘य’, ‘स’ ही एरवी वरून उघडी वाटणारी अक्षरं तिच्यामुळे बंद होतात. वेलांटीची कमान तिच्यावर टेकली की कमानीखालचा तुकडाही गेला. आमच्या पत्र्याचा कारागीर कोण होता हे मामाला माहीत नाही. बाजारातला कुणी पत्रेकाम करणारा असावा, डबे आणि नळकांडी बनवणारा. त्याला सुलेखन करायचं नव्हतं, त्याला तुकडा पडू द्यायचा नव्हता. त्याने प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तोडली. ‘गि’ आणि ‘री’ या दोन्हींच्या वेलांट्या शिरोरेषेला टेकायच्या जरा आधी थांबवल्या. आणि ‘र्ले’मध्ये, जिथे मात्रा आणि रफार एकाच दांड्याच्या डोक्यातून फुटतात, तिथे दोघांच्या मध्ये नखाएवढी पट्टी ठेवली. छाप मारल्यावर तेवढी जागा कोरी राही. ती पेटी पुढे क्रॉफर्ड मार्केटात पहाटेच्या अर्धवट उजेडात शेकडो पेट्यांच्या थप्पीत जायची, आणि हमालाला ती दुरून ओळखून आपल्या गाळ्याकडे न्यायची असायची. त्याला ती ओळखू आली नसती तर आजोबांचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले असते. वाचनीयतेची याहून कडक परीक्षा मला कॉलेजात कुणी घेतली नाही.

फॉन्टच्या फाईलचं नाव मी ‘पेटी’ ठेवलं आणि पहिल्यांदा सरळ पत्र्यावरून अक्षरं गिरवली. ती सुंदर दिसली आणि म्हणूनच मी ती टाकली. शहरातल्या एखाद्या ‘कोकणी थाळी’वाल्या हॉटेलच्या भिंतीवर कंदील आणि मासळीच्या जाळ्याशेजारी शोभावीत अशी होती ती. जुनेपणाचं सोंग. मला पत्र्याचं रूप नको होतं, त्या कारागिराने फट कुठे आणि का सोडली तो हिशेब हवा होता. म्हणून शिरोरेषा अखंड ठेवली, कारण आता तुकडा पडायची भीती नाही आणि सलग शिरोरेषा शब्दाला धरून ठेवते. फट फक्त तिथे, जिथे जाड अक्षरात काळा रंग साचतो. रफार आणि मात्रेच्या मध्ये. वेलांटीच्या टोकाशी. ‘क’च्या दोन पोकळ्या दांड्याला भिडतात तिथे. ‘ष’ची तिरकी रेघ. ‘द्ध’च्या सांध्यात. अशी युक्ती जगात नवी नाही. अक्षरकार मॅथ्यू कार्टर यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ‘बेल सेंटेनियल’ हा फॉन्ट काढला तेव्हा अक्षरांच्या सांध्यांत मुद्दाम खोल खाचा ठेवल्या होत्या. स्वस्त कागदावर शाई पसरून त्या खाचा भरायच्या आणि बारीक अक्षर नेमकं दिसायचं. आपल्याकडे ‘एक टाईप’ या फॉन्ट काढणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ हा फॉन्ट तर याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला आहे. तो इतका गुबगुबीत आहे की आतली पोकळी नुसत्या पांढऱ्या रेघेएवढी उरते, आणि तरी वाचता येतो. मी तो बघून पूर्वी खट्टू झाले होते, आता आणखी जाड काय काढणार म्हणून. पण मोदक गणपतीच्या मखरावर जसा शोभतो तसा घाटाच्या वळणावर, ताशी साठच्या वेगात उपयोगी पडेल असं मला वाटत नाही, आणि त्याचा तो हेतूही नाही.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या चिंचोळ्या किनारपट्टीतल्या माणसांनी अक्षरांशी भांडण फार केलंय. टिळक रत्नागिरीत जन्मले, मूळ गाव चिखलगाव, आमच्याच दापोली तालुक्यातलं. राजकारणाच्या धबडग्यात त्यांनी देवनागरीचे छपाईचे खिळे कमी कसे करता येतील यात डोकं घातलं, कारण शेकडो खान्यांच्या केसमधून खिळे वेचताना जुळाऱ्याचा जीव जायचा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिशुद्धीचा झेंडा घेतला आणि इ-ई-उ-ऊ काढून टाकून ‘अ’लाच वेलांट्या-उकार लावले. विनोबा पेणजवळच्या गागोद्याचे, त्यांनी लोकनागरी ही सुटसुटीत केलेली नागरी मांडली. तिघांचे स्वभाव तीन दिशांचे, पण गाऱ्हाणं एकच होतं की लिपी यंत्रात मावत नाही, तर लिपी थोडी कापा. आज यंत्राला काहीही मावतं. एकेका फॉन्टमध्ये हजारभर आकार सहज ठेवता येतात, ‘र्’, ‘ै’ आणि ‘ं’ एकत्र आले तर त्यांच्यासाठी वेगळा आकार काढून ठेवता येतो आणि तो आपोआप येऊन बसतो. तरी ‘आंजले’ होतंच. यंत्राची सबब संपली आणि आळस उघडा पडला, असं मी चिडले की म्हणते. शांत असले की म्हणते, फ्लेक्सवाल्याला एका रात्रीत पंधरा बॅनर द्यायचे असतात.

प्रत्यक्ष काढण्याचं काम कंटाळवाणं असतं आणि मला तो कंटाळा आवडतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीवर धो धो आवाज, खिडकीतून येणारा ओल्या जांभ्याचा वास, आणि पडद्यावर एकच ‘ळ’. त्याच्या दोन गाठी सारख्या काढल्या तर उजवी मोठी दिसते. ऱ्हस्व वेलांटीचं तर वेगळंच दुखणं. ‘रि’ची कमान आखूड हवी, ‘णि’ची लांब, ‘क्षि’ची त्याहून लांब, कारण कमान अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचली नाही तर ती अधांतरी लोंबते. म्हणून एकाच वेलांटीच्या अनेक लांब्या काढून ठेवायच्या आणि कुठल्या अक्षराला कुठली, ते लिहून द्यायचं. मग पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’. ते मी मुख्य रूप म्हणूनच ठेवले, भाषा मराठी निवडली तर मिळतील अशा अडगळीत टाकले नाहीत. हिंदीवाल्यांना दुसरा ‘ल’ हवा असेल तर त्यांनी मागून घ्यावा, एवढा हट्ट मी स्वतःला परवडू दिला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचाही निकाल लावायचा होता. आमच्याकडे दोन्ही आहेत, एक पश्चिमेला, एक पूर्वेला, आणि जाड अक्षरात तो अर्धचंद्रासारखा ‘र’ पुढच्या ‘य’च्या पोटात घुसतो. त्याला शिरोरेषेखाली बाहेरच्या बाजूला थोडा सरकवून, शेपूट छाटून, कसाबसा बसवला. अजून मनासारखा नाही.

तपासणी पडद्यावर करायची नाही हे पत्र्याने शिकवलं होतं. शब्द मोठे छापून पोफळीच्या बागेच्या कुंपणाला लावायचे आणि मामीला विहिरीवरून वाचायला सांगायचं. मामीला माझ्या धंद्याचं अप्रूप नाही, म्हणून ती उत्तम परीक्षक. तिला गावांची नावं देऊन उपयोग नव्हता, ती ओळखून सांगते. म्हणून अर्थ नसलेले शब्द द्यायचे. ‘गर्लै’, ‘वर्णीं’, ‘शर्द्धे’. ती कळशी कमरेवर घेऊन डोळे बारीक करायची. “पहिला दिसतो. दुसऱ्यावर काय तरी माशी बसलीय.” माशी म्हणजे अनुस्वार, रफाराला चिकटलेला. एप्रिलच्या दुपारी जांभ्यावरून परतणारा उजेड एवढा असतो की बारीक फट दिसेनाशी होते. पावसात उलट, कागद ओला झाला की काळा आणखी काळा होतो आणि फट उठून दिसते. मागून दिवा असलेल्या बोर्डासाठी तर वेगळंच गणित, तिथे उजेडच पसरतो आणि फटीच्या दोन्ही बाजू खातो. एका रुंदीच्या फटीने सगळीकडे भागेना, तेव्हा तीन रुंद्या केल्या.

पाजपंढरीच्या एका तांडेलाने नवीन बोटीचं नाव घालायचं काढलं तेव्हा मामाने परस्पर माझं नाव सांगितलं. जुलै संपत आला होता, मासेमारीची बंदी उठायला थोडे दिवस होते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्यावर निळं प्लॅस्टिक, आणि उघडीप मिळाली की सगळीकडे घासकाम आणि रंग. सुक्या मासळीच्या वासात टर्पेंटाईनचा वास मिसळलेला. मी ‘आई एकवीरा’ आणि खाली ‘हर्णै बंदर’ अशी अक्षरं मापाने छापून नेली. रेडियमवाल्याकडून कापून चिकटवायची असा माझा विचार होता. पेंटरकाकांनी तो ऐकलाही नाही. फायबरच्या बोटीला रेडियम चालतं, म्हणाले, ही लाकडाची आहे, फळ्यांचे सांधे हलतात, खाऱ्या पाण्याने दोन महिन्यांत कडा सुटतील. त्यांनी सुतळीला खडू लावून शिरोरेषेची रेघ मारली, माझा कागद डाव्या हातात धरला आणि थेट ब्रशने सुरुवात केली. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, फुगवट्यावर, पायाखाली ड्रम, ड्रमखाली वाळू.

‘र्णै’पाशी थांबले.

“ताई, हा असा नाय चालायचा,” ते म्हणाले. मी म्हटलं, रफार सुटा आहे, दुरून दिसतो, बघून घेतलंय. “जमिनीवर दिसत असंल. इथं या बघू.” त्यांनी मला शेजारच्या उंच बोटीवर चढवलं. तिथून खाली बघितलं आणि कळलं. नाळ वरती बाहेरच्या बाजूला झुकते. धक्क्यावरून किंवा दुसऱ्या बोटीवरून बघणाऱ्याला ती तिरपी दिसते आणि अक्षराची सगळी उंची चेपते. अंग मोठं असतं म्हणून ते चेपूनही वाचता येतं. शिरोरेषेच्या वरचं जे मुळात लहान, ते शिरोरेषेत विरघळतं. पेंटरकाकांनी मात्रा आणि रफार माझ्या मापाच्या दीडपट उंच काढले आणि रफाराला उजवीकडे कलतं केलं. जमिनीवरून ते विचित्र दिसत होतं, कपाळावर शिंगं आल्यासारखं. वरून अगदी बेतशीर. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? त्यांनी ब्रश पुसला. “शिकवायचं काय त्यात? लोक धक्क्यावरनंच हाका मारतात ना.”

मला वाईट वाटलं, बरंही वाटलं, आणि थोडी असूयाही वाटली, ती अजून आहे. घरी येऊन मी फॉन्टमध्ये वरच्या चिन्हांचा एक पर्यायी संच घातला, सगळ्या मात्रा, वेलांट्या, रफार उंच केलेला. त्याला ‘नाळ’ नाव दिलं. उड्डाणपुलावरून खाली दिसणाऱ्या पाट्या, टेम्पोच्या टपावरची नावं, पायऱ्यांवर रंगवलेली अक्षरं, जिथे जिथे बघणारा वर आणि अक्षर तिरपं, तिथे तो चालतो. माझ्या फॉन्टमध्ये खरोखर नवीन असं काही असेल तर ते हेच, आणि ते माझं नाही. पेंटरकाकांना मी तसं सांगितलं आणि फॉन्टच्या माहितीत नाव घालू का विचारलं. ते म्हणाले, नाव नको, त्यापेक्षा तांडेलाला पैसे लवकर द्यायला सांगा.

फॉन्ट खुल्या परवान्यावर मोकळा सोडला. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. मोकळा सोडला म्हणजे तो कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही, हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा दिसला तेव्हा पोटात गोळा आला. शिमग्याच्या पालखीच्या बॅनरवर आडवा ताणलेला, फटी दुप्पट रुंद झालेल्या. क्रिकेटच्या स्पर्धेत पाच रंगांच्या कडा मारलेला. मग एका सकाळी वाडीतल्याच एका घरासमोर, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. माझ्या अक्षरात. गेलेले आजोबा माझ्या ओळखीचे, मी लहान असताना त्यांनी मला करवंदं दिलेली. लोक गंभीर उभे होते आणि मी ‘र्ण’चा रफार बघत होते. चांगला बसला होता. ‘द्ध’ही मोकळा. आणि तरी सगळं चुकत होतं. आंब्याच्या पेटीसाठी जन्मलेलं ते जाडजूड, पोट सुटलेलं अक्षर, त्यात मरणाला लागणारा संकोच कुठून येणार? डोळ्यात भरायला काढलेल्या अक्षराला स्वभाव असतो, तो खाली ठेवता येत नाही. वाचता येणं एवढ्यानेच अक्षराचं काम झालं असं मी फाट्यावरच्या त्या दुपारपासून धरून चालले होते, त्याला त्या सकाळी तडा गेला. घरच्यांना अर्थात यातलं काही दिसलं नव्हतं. त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं, “तुझाच घातला मुद्दाम. आबांचं नाव लांबून दिसायला पायजे होतं.” यावर काय बोलणार.

सध्या मामीचा बचत गट कोकम आगळ बाटलीत भरून विकायच्या मागे आहे. लेबल करून देणं ओघानेच माझ्याकडे आलं. पुढच्या बाजूला ‘आगळ’ मोठ्या अक्षरात, पेटीत, फार छान बसलं, ‘ळ’च्या गाठींकडे मी बराच वेळ बघत बसले. बाटली फिरवली की मागे घटकपदार्थ, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि ‘वापरण्यापूर्वी हलवा’. तिथे पेटी घालून बघितला. त्या मापाला फटी फटी राहत नाहीत, छपाईत शाई कमी पडल्यासारखं दिसतं, आणि ‘वापरण्यापूर्वी’मधला रफार तर चक्क कागदावरचा डाग वाटतो. मी मामीला समजावलं की मोठं अक्षर आणि बारीक अक्षर या दोन वेगळ्या जाती आहेत, नुसतं लहान करून भागत नाही, बारीक मजकुरासाठी पोकळ्या उघडून, जाडी उतरवून सगळं पहिल्यापासून काढावं लागेल.

“किती दिवस?”

“दिवस नाही गं. दीड-दोन वर्षं.”

मामीने बाटलीचं बूच घट्ट केलं. “बाय, आगळ तयार आहे. तोवर कॉम्प्युटरमधलं ते असतंच ना सगळ्यांच्या, ते घाल आणि छापून दे.” ते म्हणजे मंगल, र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी काढलेला, ज्याला आम्ही सगळे अक्षरवाले उठताबसता नावं ठेवतो. घातला. आठ पॉइंटात तो माझ्यापेक्षा बरा दिसला.